सहा अक्षरं

वेल्सहून बोटीनं आलेली काळी पाटी
तीन आठवडे माझ्या छिन्नीची वाट बघत उभी आहे,
पोत्यात गुंडाळलेली, भिंतीला पाठ टेकून.
इंगा इझबिस्टर, हे नाव झालं.
जन्माचं साल झालं, मरणाचंही.
खाली एक ओळ मोकळी.

मुलगा मॅन्सी ॲबरडीनहून आला, बूट न पुसताच म्हणाला,
‘ऑथर. पुस्तक छापलंय तिनं.’
छापलं होतं, खरं आहे. दोनशे प्रती.
त्यातल्या एकशे चौसष्ट अजून तिच्या पलंगाखाली,
वरच्या खोक्यात मांजर दोनदा व्यायलेली.

थोरा, मुलगी, आधी काही बोललीच नाही.
मग पिशवीतून काढली पाकिटं,
वीजबिलाची, बियाणांच्या दुकानाची,
पाठीवर पेन्सिलनं गच्च भरलेली.
‘हे रोज,’ म्हणाली, ‘बटाटे उकडेपर्यंत.
रायटर लिहा.’

मी दर सांगितला. अक्षरामागे चार पौंड.
दोघांनी बोटांवर मोजलं.
सहा.
आणि सहा.
पैशानंही निकाल दिला नाही.

मला विचाराल तर मी शब्द रुंदीनं ओळखतो.
रायटरचा डब्ल्यू दोन माणसांची जागा खातो,
दोन घरं सोडून आय, काडीसारखा, अंग चोरून.
ऑथरच्या पोटात ओ. तो गोल कोरायला
अर्धा दिवस जातो आणि रात्री मनगट बोलतं.
ए मात्र देखणा. तंबूसारखा. कुणीही आत शिरावं.
शिवाय माझे आजोबा वकिलाला रायटर म्हणायचे,
इकडची जुनी सवय. एका कुंपणापायी
त्यांची गाय गेली, कुंपण गेलं,
रायटर तेवढा जाडजूड झाला.

हे मी त्या दोघांना सांगितलं नाही.
आणखीही एक सांगितलं नाही.

बापाच्या दगडावर काय लिहावं
मला सुचेना, तेव्हा इंगाकडे गेलो होतो.
तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं, हात पुसले
आणि चार शब्द दिले.
पुढं लोक यायचे, रडवेले, गोंधळलेले,
मी म्हणायचो, दोन दिवसांनी या.
टेकडीवर एकोणचाळीस दगड तिचे आहेत.
खाली सही माझी, बारीक, गवतात बुडणारी.
पैसेही मीच घेतले. तिला अंडी दिली,
कधी एखादा खेकडा.

दोघं दारात भांडत राहिली. चारची बोट सुटायला आलेली.
मी पोतं उतरवलं, खडूनं रेघा आखल्या,
आणि शेवटचं अक्षर आधी घेतलं.
दोन्ही शब्द आरवरच संपतात.
हातोडीचा आवाज ऐकून ती गप्प झाली.
‘कोणता?’ मॅन्सीनं विचारलं.
‘अजून ठरायचंय,’ म्हणत मी भुकटी फुंकली.
काळ्या दगडावरची रेघ, पण एकाच अक्षराची.

तो बोटीकडे गेला.
थोरा मागे राहिली. टेबलावर एक पाकीट ठेवलं,
‘हे तुमचं दिसतंय.’
माझ्या बापाची ओळ होती. पेन्सिल पुसट झालेली.
चारातला एक शब्द खोडून
वर दुसरा घातलेला, जवळजवळ तसाच,
मी कोरला तो.

चष्मा लावला, दिव्याखाली धरलं.
खोडलेलाही वाचता येत होता.