दहा मिनिटं पुढं

हुकूम सुटला गुरुवारी संध्याकाळी, शाहूपुरीतल्या हेड ऑफिसातून:
दहा मिनिटं हात लागला नाही की पडद्याला आपोआप कुलूप,
पेनड्राइव्हला दार बंद,
आणि सगळ्यांच्या स्क्रीनवर संस्थेचं एकच निळं बोधचिन्ह.
मीच लिहिलेला. मीच सोडलेला.
शुक्रवारी दुपारपर्यंत अठ्ठावीस मशिनींनी निमूट ऐकलं,
कागलच्या, गडहिंग्लजच्या,
गारगोटीच्यासुद्धा, जिथं नेट माकडांच्या मर्जीवर चालतं.
एकोणतिसावं ढिम्म.
मार्केट यार्ड शाखा, मोपेडवर बारा मिनिटं.

इथूनच हाका मारल्या आधी.
पिंगला उत्तर यायचं, लगेच,
एखादं पोरगं कसं, ओ देतं
आणि जागचं हलत नाही.
सक्तीची आज्ञा दिली. दोनदा.
"मुजावर मॅडम," साहेब म्हणाले, "ऑडिट मंगळवारी हाय."
बाकी काही म्हणाले नाहीत.

यार्डात सौदा सुरू होता.
गुळाच्या रव्यांच्या ओळी, त्यांमधून सरकणारा घोळका,
आकडा पुकारणारा एक घसा.
शाखेच्या आत कीबोर्डाला बोट लावलं
तर बोट जरा उशिरा सुटलं.

बाबासो चौगुले, कारकून, बावीस वर्षं याच खुर्चीत.
त्यांच्या स्क्रीनवर म्हैस,
पाडव्याची, शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगुरमाळ,
सरळ माझ्याकडं बघणारी.
"ही आमची लक्षी," ते म्हणाले. ओळख करून दिल्यासारखं.

वायर बघितली. ठीक.
पत्ते सांगणारा सर्व्हर बघितला:
कुणाच्या तरी भाच्यानं तिथं मोडेमचा आकडा घातलेला.
सापडलं, म्हटलं. बदलला, आनंदानं चहाही घेतला.
हुकूम तरीही उंबऱ्याबाहेरच.

मग नोंदी उपसत बसले.
चुकांच्या त्या ओळी, एकसारख्या, रोज सकाळपासून,
आणि एकीत सरळ लिहिलेलं: वेळ जुळत नाही.
स्क्रीनच्या कोपऱ्यात दहा बावन्न.
माझ्या फोनवर दहा बेचाळीस.

"त्यातला सेल गेलाय ओ," बाबासो म्हणाले,
"रोज सकाळी चालू केलं की दोन हजार नवात जातंय.
मी आणतो की परत, हितल्या घड्याळावरनं."
मी भिंतीकडं पाहिलं.
"ते दहा मिनिटं पुढं ठेवलंय, मुद्दाम. सौदा चुकू ने म्हणून."

पाच मिनिटांच्या वर फरक पडला
की सर्व्हर ओळख देत नाही कुणालाच.
हा माणूस रोज सकाळी
तेरा-चौदा वर्षं उचलून आणायचा एकटा,
शेवटच्या दहा मिनिटांसाठी परका ठरायचा.
तक्रार कधी केली नाही. कुणी विचारलंही नव्हतं.

नाण्याएवढा सेल, चाळीस रुपये, समोरच्याच दुकानात.
वेळेची सेवा कधीकाळी कुणी बंद करून ठेवलेली, ती चालू केली.
आज्ञा पुन्हा दिली.
मशीन बंद झालं, उघडलं,
आणि निळं बोधचिन्ह आलं.

बाबासो जरा वेळ बघत राहिले.
"म्हस?"
"आहे. फाईल आहे आत."
"मग पेनड्राइव्हात तरी द्या की."
मी ड्राइव्ह हातात घेतला, आणि आठवलं
ते दार कोणी बंद केलंय.

फाईल उघडली, पडदाभर मोठी केली,
फोननं स्क्रीनचाच फोटो काढून त्यांना पाठवला.
लक्षीवर ट्यूबलाइटचा एक पांढरा पट्टा पडलाय.
खाली कोपऱ्यात वेळ आलीय, अकरा एकवीस,
बरोबर.

भिंतीवर अकरा एकतीस झाले होते.
त्या घड्याळाला मी हात लावला नाही.
बाबासो बघून उठले, टोपी घातली,
दुसऱ्या सौद्याला निघाले.