छत्तीस पानांचा बाण

आमच्या प्रकल्पाचं नाव एवढं लांब होतं
की कलाभवनाच्या फलकावर ते दोन कागदांत मावलं:
विद्युत-वाहनांच्या वापरलेल्या बॅटऱ्यांचं
दुसरं आयुष्य, एका उगवत्या उद्योगाचा अभ्यास.
वारा आला की दुसरं आयुष्य उडून जायचं,
हेतवी रोज नवी टाचणी आणायची.

आम्ही चौघं. हेतवी, झुबेर मन्सुरी, प्रद्योत दिघे
आणि मी. अक्षर बरं म्हणून नोंदी माझ्याकडे.
बाहेरचे मार्गदर्शक दोन.
एक स्क्रीनवर, दर मंगळवारी साडेसातला,
बेंगळुरूच्या अनुराधा वेंकटेश.
मागे पांढरी भिंत, भिंतीवर खिळासुद्धा नाही.
त्या विचारायच्या, दहा वर्षांनी बाजार केवढा?
आम्ही सांगायचो.
दर मंगळवारी तो थोडा वाढलेला असायचा.

दुसरे कैखुश्रू कॉन्ट्रॅक्टर.
आडनाव तसलं, पण जन्मभर नोकरीच केली,
मकरपुऱ्यात, ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात.
त्यांचं मराठी बडोद्याचं,
क्रियापद इकडचं, शिवी तिकडची.
चाळीस पानं त्यांनी उभ्यानंच वाचली
आणि म्हणाले, पोरांनो,
यातल्या एकीला तरी हात लावलाय का?

मग शेड.
पुरात बुडालेल्या रिक्षांच्या बॅटऱ्या छतापर्यंत,
फटींत विश्वामित्रीचा गाळ अजून ओलसर.
झुबेर म्हणाला, एखादी मगरही निघेल यातून.
कोणी हसलं नाही, तिथे काम चालू होतं.

कमुबेन वसावा सेल उचलते,
टोकांना मीटर लावते,
आणि आकडा उमटायच्या आत तिचा हात निघालेला असतो,
डावी टोपली, उजवी टोपली,
फुगलेला असेल तर वाळूची बादली.
मीटर कशाला मग, मी विचारलं.
मीटर मालकासाठी, ती म्हणाली.

दोन तास बसलो. दोनशे सेल.
तेच दोनशे नंतर प्रयोगशाळेत नीट तपासले.
ती अकरा वेळा चुकली होती.
आमचं सूत्र एकोणीस वेळा.
प्रद्योतने तीनदा मोजलं
आणि मग उगाच बराच वेळ हात धूत राहिला.

मंगळवारी हे सांगताना आमचे आवाज चढले होते.
अनुराधा मॅडम गप्प.
वाटलं स्क्रीन अडकली, पण पापण्या हलत होत्या.
मग म्हणाल्या, तिला किती मिळतात?

दोनशे नोंदी होत्या माझ्या वहीत,
तारीख, वेळ, तापमान, गाळाचा रंगसुद्धा.
कॉन्ट्रॅक्टरसाहेबांनी चष्मा काढला,
पुसला, आणि बराच वेळ घातलाच नाही.
त्यांनीही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच गेले.
सेलमागे चाळीस पैसे, ती म्हणाली.
म्हणजे त्या दिवशी ऐंशी रुपये, मी चटकन हिशेब केला.
हो, पण रोज त्या वेळात
तीनशे होतात गं,
तुम्ही विचारत होता ना मधेमधे.
रागाने नाही, नुसतं सांगितलं.
हात चालूच होते.

येताना सेव-उसळ घेतली, खाववली नाही असं लिहिलं तर खोटं होईल.
खाल्ली. वरून तर्रीही मागितली.
आणि रिक्षात बसल्यावर चाळीस रुपये
शंभर सेल, शंभर सेल, असं मोजत आले.

अहवाल छापून झाला.
बाजाराचा आकार पान तीनवर, ठळक.
चाळीस पैसे पान एकोणचाळीसवर, तळटीप सात.
चाळीस रुपयांच्या खोटीचं काय, हेतवीने विचारलं,
त्याला रकाना सापडला नाही.

कॉन्ट्रॅक्टरसाहेबांनी आपली प्रत मागून घेतली.
म्हणाले, या आकड्यापासून त्या आकड्यापर्यंत
बाण पाहिजे.
छत्तीस पानांचा बाण कसा काढतात?
त्यांनी पेन्सिलीला टोक केलं,
प्रत्येक पानाच्या कडेला एक एक आडवी रेघ ओढली,
आणि शेवटच्या पानावर फक्त ते टोक.