तोंडातला क्

हडर्सफील्ड. नोव्हेंबर. चार वाजताच अंधार.
हीटरची टकटक रेकॉर्ड होते म्हणून
आम्ही दोघी कपाटात बसतो,
कोटांच्या बाह्यांमध्ये, गुडघ्याला गुडघा लावून,
मध्ये माइक, त्याच्यावर माझा लोकरी मोजा.

मंग शाओयिंग. वृद्धाश्रमातली रात्रपाळी संपवून
चार तास झोपून येते.
तासाचे पैसे विद्यापीठ देतं, पावतीवर सही घेऊन.
पहिल्या दिवशी तिनं आडनाव सांगितलं
आणि मला हसू आवरेना.
आमच्या दिग्रसला मंग म्हणजे मग.
नुसतं "मंग?" म्हटलं की समोरचा पुढचं सांगू लागतो.
पुण्याला गेल्यावर पहिल्याच वर्षी
मी तो अनुस्वार खोडरबरानं पुसला होता.

ना, म्हणते ती. शेत.
ना. जाड.
ना. चेहरा.
मी वहीत आकडे मांडते, एक ते पाच,
एक गळ्याच्या तळाशी, पाच माथ्याला.
"तुमच्यात आहे का ना?"
आहे. नकार आहे.
आणि येशील ना, मधला आहे,
बाही धरून ठेवणारा.
त्याला कुठला आकडा द्यायचा
मला सांगता येत नाही.

ता, डोळा. ता, नदी.
फरक फक्त उंचीचा.
मी तिला तीनदा नदी म्हणायला लावते,
तिसरी नदी वर चढून
डोळ्याजवळ जाऊन थांबते.
समासात लिहिते: थकवा? पुन्हा तपासणे.

मग तोंड.
"पा", ती म्हणते, आणि तोंड उघडंच राहतं.
माझ्या तक्त्यात इथे क् हवा होता.
डोंगरापलीकडच्या गावांत आहे: पाक्,
शेवटी घसा मिटतो आणि हवा आतच राहते.
"तुझ्याकडे नाही?"
"नाही. आमच्यात कुणाकडेच नाही."

खाली डोरीन, घरमालकीण, जिन्यातून ओरडते
की गरम वॉ'अर संपलंय.
तिचा ट कुठे गेला
हे मात्र कुणी कपाटात बसवून विचारत नाही.

तेवढ्यात मंगचा फोन थरथरतो.
थोरली मावशी, वय एक्याऐंशी,
एकोणसाठ सेकंदांची बोलणी:
डुक्कर विकलं, दात पडला,
तू तिकडे तोंडाला येईल ते खातेस.
मी तिचा हात धरते. परत लाव. परत.
तोंड. तिथे. शेवटी.

लॅपटॉपवर पाहू गेलं तर काहीच नाही,
स्वराच्या काळ्या पट्ट्या, आणि पुढे पांढरं.
क् ऐकूच येत नाही.
फक्त स्वराचं शेपूट जरासं वळतं,
दार लागल्याचा आवाज नसतो
पण खोलीतला उजेड कमी होतो, तसं.

मंग पाचव्यांदा ऐकते.
"ही नेहमी असंच म्हणायची?"
मला काय माहीत.
एकतीस वर्षं ती कानातल्या कानात
मावशीचा शब्द उघडत आली होती.

"आता तू," ती म्हणते. "तुमच्यात डोळा कसा?"
मी जीभ मागे वळवून,
रेडिओवर म्हणतात तसा, ळ नीट घोटून म्हणते: डोळा.
ती प्रयत्न करते. जीभ वळत नाही.
"डोया," म्हणते.

माइक चालू. मोज्यावर लाल दिवा.
डोया. काया. केयं.
वसतिगृहाच्या मेसमध्ये सगळं टेबल हसलं होतं
त्या एका केयावर.

"चुकलं?"
"नाही. बरोबर आहे. आमच्या आईसारखं."

पावतीवर सही राहिली आहे.
सव्वासहाची तिची बस.
आणि मला अजून ऐकायचंय,
डुकराचं, दाताचं, त्या तिसऱ्या नदीचं.
मी म्हणते, "मंग?"
आणि तिला वाटतं मी तिला हाक मारली.