अर्धा इंच माया

तीन पौंड चाळीस पेन्स. एवढ्यात कोट मिळत नाही,
कोटाचा कागद मिळतो.
पेझलीच्या वाचनालयात सत्तावीस पानं छापली,
दर पानाला दहा पेन्स,
आणि घरी आणून गालिच्यावर चिकटवत बसले.
ओवी म्हणाली, आई, हा नकाशा कुठल्या देशाचा?

चित्रात कोट फार देखणा होता.
शेवाळी रंग, रुंद कॉलर,
घालणारी पोरगी डोंगराकडे बघून हसणारी.
विकणारीचं नाव फ्लोरा. तीन मुलांची आई, म्हणे,
बेटावरचं दगडी घर, पुढे समुद्र, मागे मेंढ्या,
आणि तीन महिन्यांत अकराशे चाळीस नमुने.
मेंढ्या काढत असतील.

जमिनीवर जुळवलं तेव्हा कळलं,
दोन्ही बाह्या डाव्याच.
मुंढा तेरा इंच, बाहीचा माथा नऊ.
सहा बटणं, काज एकही नाही.
आणि कडेला, कुठेच, माया नव्हती.

माया. बोंद्रेबाईंचा शब्द.
इचलकरंजीत, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
खाकी कागदावर निळ्या खडूनं रेघ ओढायच्या,
मग त्या रेघेबाहेर आणखी एक.
"अर्धा इंच माया सोड गं. मूल वाढतं,
माणूस सुटतं, कापड आटतं."
संतही सोडच म्हणाले होते.
पण बाईंची माया सोडली
की आतच राहायची, शिवणीच्या पोटात,
कुणाला न दिसता.

शेजारच्या इशबेलला बोलावलं.
एकोणीस वर्षं दोऱ्याच्या गिरणीत, रिळं तपासायला.
आता ऐंशी पार, चष्मा दोरीला.
पोराच्या डोक्यात उवा बघाव्यात
तसं तिनं दोन बोटांनी चित्र फाकवलं.
"शिवण धर," म्हणाली, "आणि चालत जा.
खरी शिवण कुठेतरी पोचते."
मी खांद्यावरून निघाले. खिशापाशी शिवण हवेत विरली.
खिशाला झाकण होतं, तोंड नव्हतं.
"आता उलट बाजू."
उलट बाजूचा फोटो नव्हता.
"बरं, शिवून घातलेल्या कुणाचा तरी दाखव.
स्वयंपाकघरात उभं राहून काढलेला,
वाईट फोटो."
तोही नव्हता.
चारशे चांदण्या होत्या, आणि खाली, "सुंदर! वेळेत पोचलं!"
फाइलच ती, वाटेत काय तिची आगगाडी चुकणार होती?

या गावाचं नाव जगभर टायांवर, उशांवर, गाऊनवर आहे.
मी त्याला लहानपणापासून कोयरी म्हणत आले.
काश्मीरच्या शालीवरून उचलली, इथल्या मागावर चढवली,
वर गावाचं नाव लावलं.
हे मी इशबेलला ऐकवलं. जरा खोचकच.
ती चहात बिस्कीट बुडवून बसली,
इतका वेळ की ते तुटून तळाला गेलं.
मग उठून घरी गेली, आणि पुडकं घेऊन आली.

एकाहत्तर सालचं वर्तमानपत्र, कोटाच्या आकारात कापलेलं,
टाचण्यांनी चाळण झालेलं.
"ग्लासगोच्या एका दुकानाच्या काचेतून बघून काढला.
फुटपाथवर उभी राहून, तीन शनिवार. चोरीच म्हण.
चार पोरींना शिवला.
पहिला बिघडला, तो धाकटीनं घातला."

बाहीवर फुटबॉलचे निकाल,
पाठीवर कुणाच्या तरी मरणाची बातमी,
आणि सगळीकडून, पेन्सिलीनं, दुसरी रेघ.
मी पट्टी लावली. पाऊण इंच.
"आमच्या पोरी जरा जास्तच वाढायच्या," इशबेल म्हणाली.

रात्री पैसे परत मागायला बसले. कारण निवडा.
पोचलं नाही. भलतंच पोचलं. विचार बदलला.
खाली एक रिकामी चौकट होती, तिच्यात लिहिलं,
हात आत जात नाही.

मग वाटलं, कुणाचा ते सांगायला हवं.
ओवीचा, असं लिहिलं.
डावा जातो.