वीस तेत्री

तिबिलीसीत, ग्लदानीतल्या आमच्या इमारतीची लिफ्ट
नाणं खाल्ल्याशिवाय वर जात नाही.
वीस तेत्री. मग ती खोकते, अंग झाडते,
आणि आठव्या मजल्यापर्यंत
आजवरचे उपकार मोजत नेते.

तेकले दोन वर्षं चार महिन्यांची.
नाणं तिनंच टाकायचं, असा कायदा आहे.
कुणी केला, कधी केला, विचारायचं नाही.
मागच्या मंगळवारी घाईघाईत मी टाकलं,
तर आठ मजले वर जाऊन, आठ मजले खाली येऊन,
दुसरं नाणं तिच्या हातात ठेवून
पहिल्यापासून घरी यावं लागलं.
बटाट्यांची पिशवी तीच, लिफ्ट तीच,
मी तेवढा वीस तेत्रींनी शहाणा.

आमच्याकडे बापाला 'मामा' म्हणतात.
मामा व्हायला इथे
बहिणीच्या बाळंतपणाची वाट बघावी लागत नाही.
स्वतःला एक मुलगी झाली की पुरे,
मग ती रोज बनवते.

गुरुवारी नाणं नाहीसं झालं.
लिफ्ट येईपर्यंत तिच्या मुठीत होतं.
मूठ उघडली. नाही.
दुसरी मूठ. द्राक्षाचा देठ.
तोंड उघड बघू.
सोळा दात आणि अक्रोडाचा चुरा.
नाणं कुठंय, तेकले?
पोटावर थाप मारून म्हणाली, "हॅम."

नातिया म्हणाली, तू काय बघत होतास?
मी म्हणालो, लिफ्ट.
हे उत्तर द्यायचं नसतं,
हे मला उत्तर दिल्यावर कळलं.

कुताइसीहून बेबियाचा फोन: आंबट आलुबुखार चाटवा.
डॉक्टर म्हणाले: दोन दिवस वाट बघा. आणि,
इथे त्यांनी घसा साफ केला,
तपासत जा.

तर दोन दिवस मी,
पुलांवर किती भार चालेल ते ठरवणारा
सरकारी इंजिनियर,
आईस्क्रीमची काडी घेऊन
पिवळ्या बदकाच्या पॉटीवर वाकून बसलो.
तपशिलात जात नाही.
मक्याचे दाणे, एवढंच सांगतो,
जसे जातात तसेच येतात.
ती शेजारी उभी राहून टाळ्या वाजवायची.
तिला वाटलं, बापाला अखेर
आपल्या कामाची कदर कळली.

शनिवारी लिफ्टच अडकली.
मालखाझ मिस्त्रीनं पेटी उघडली
आणि आठ मजले चढून, धापा टाकत,
आमच्या दारात ओंजळ पुढे केली:
तीन बटणं (एक माझ्या लग्नातल्या कोटाचं),
राजम्याचे सात दाणे,
व्हिटॅमिनची अर्धी चाटलेली गोळी,
आणि नातियाचं ते कानातलं,
ज्याच्यावरून नव्या वर्षापासून
तिनं माझ्या बहिणीशी अबोला धरलाय.
"तुमच्या घरात हेच चलन चालतं का?"
मालखाझनं विचारलं.

नातिया कानातल्याकडे बघत राहिली.
मग फोन घेऊन आत गेली, दार लावून घेतलं.
बराच वेळ काही ऐकू आलं नाही.
मग रडणं. मग दोघींचं हसणं,
आणि त्यात माझं नाव.

आणि नाणं?
सातव्या मजल्यावरच्या झुझुनाच्या एप्रनच्या खिशात.
वय एक्क्याऐंशी. गुरुवारी खाली, लिफ्टपाशीच भेटली होती.
"पोरीनं मला भाडं दिलं," ती म्हणाली,
"मी सुटे परत केले. दोन अक्रोड.
तू कुठे बघत होतास?"

लिफ्ट अजून बंद आहे.
काल पाव आणि दूध एका हातात,
तेकले खांद्यावर, तिच्या मुठीत माझे केस,
असा आठ मजले चढलो.
पाचव्यावर गुडघा बोलला. सहाव्यावर दुसरा.
दारापाशी पोचून भिंतीला टेकलो.
तेकले म्हणाली, "कीदेव!"

आमच्या भाषेत याचा अर्थ, पुन्हा.
देवाचा यात काही संबंध नाही.
असता,
तर लिफ्ट चालू असती.