तिसरी कुपी

तुर्कू, फेब्रुवारी. औरा नदी गोठलेली.
उणे ऐंशीच्या कपाटासमोर तुओवी,
हातात जाड निळे मोजे,
दार उघडते तीस सेकंद, वर एक नाही.

तीन कुप्या. एकाच रेणूला ओळखणाऱ्या तिघी.
पहिली पेशीची पकड सोडवते,
दुसरी आवळते,
तिसरी नुसती येऊन बसते शेजारी.
"आधी ही लाव," तुओवी म्हणते,
"नुसत्या हात लावण्यानं काय होतं ते कळल्याशिवाय
ओढल्यानं काय झालं, कसं सांगशील?"

मी पहिलीच लावली. मार्चमध्ये अहवाल द्यायचा होता.
रात्रभर सूक्ष्मदर्शकाखाली पेशी
काचेला धरून, पाय पसरून, खुशाल.
एकही सुटली नाही.

सकाळी तिनं माझी वही ओढून घेतली,
कॉफी ओतता ओतता.
"पेशी कुणाच्या?"
उंदराच्या.
"आणि प्रतिपिंड?"
उंदरातलंच. तो मेला मी जन्मायच्या आधी,
त्याच्या पेशी अजून बाटलीत वाढतायत.
ती हसली नाही.
"घरच्याला कोण परकं म्हणतं, ओस्मो?
उंदीर कशाला स्वतःवर बोट ठेवेल?"

यादीत शेवटून दुसरं, हॅम्स्टरमधलं एक.
उंदराची पेशी ओळखतं, पकड सोडवतं.
यायला सहा आठवडे.
तोवर नदी फुटेल. तुओवीची नोकरीही संपेल.

माझ्या टेबलावर, बर्फाच्या डब्याबाहेर,
तिसरी कुपी रात्रभर राहून गेलेली.
वितळून गेलेली, स्वच्छ.
तिनं ती उजेडासमोर धरली,
झाकणावर तारीख लिहिली, खाली माझं नाव,
आणि चार अंशांच्या फ्रिजमध्ये
पुढच्याच रांगेत ठेवली.