गवताला पाणी

भादव्याच्या शेवटी नागपूरहून ट्रक आला
गवत घेऊन.
सतरंजीसारखं गुंडाळलेलं गवत.
आम्ही आठजणी उतरवायला,
आणि पंचफुलामावशी हसून हसून खालीच बसली:
"अवं बाई, गवत इकत आनलं!"

आरोग्य केंद्रापुढे, जिथे कालपर्यंत
ॲम्ब्युलन्सच्या चाकांची चाकोरी होती,
तिथे चौकोन टेकवले, फटी मातीने बुजवल्या.
काठाने मेहंदी, कोपऱ्यात तगर,
फाटकापाशी दोन जास्वंदी.
बाकीच्या पैसे घेऊन घरी गेल्या.
पाणी द्यायला मला ठेवलं.

तेवीस वर्षं मी निंदणाला गेले.
कपाशीतून, तुरीतून उकिडवी सरकत
गवत उपटत आले.
हराळीचं तर पेरही मागे ठेवायचं नाही,
एक राहिलं की पंधरा दिवसांत धुऱ्यापर्यंत.
आणि आता माझी हजेरी लागते
गवत जगवण्याची.

नर्सरीवाला पोरगा ट्रकच्या पायरीवरूनच सांगून गेला:
पहिले पंधरा दिवस रोज, उजाडायच्या आत,
मग दिवसाआड, मग चार दिवसांनी,
पण खोल.
"वरवर शिंपडलं का मुळ्या वरच राह्यते, मावशी.
लाडावते."
मी मोडक्या छत्रीची काडी घेतली.
ती जिथवर मुकाट जाते, तिथवर ओल.
काळ्या मातीपुढे घाई चालत नाही;
आधी ती पीत नाही,
मग सोडत नाही.

पुसात धुई आली. पाइप गुंडाळून ठेवला,
आठवड्यातून एकदाच उलगडायची.
मेहंदी वीतभर होऊन थांबली.
डॉक्टर उरकुडे मॅडम म्हणाल्या, छाटा.
मी म्हटलं, थंडी जाऊ द्या.
झुडपांच्या बुडाशी सोयाबीनचं कुटार पसरलं,
कोंबड्यांनी विस्कटलं,
पुन्हा पसरलं.

एका पहाटे पाइप ओढत आले तर
हिरवळीवर तिघं झोपलेली,
आत बाळंतपणाला आणलेल्या बाईची माणसं.
एकाच्या उशाला टिफिन.
उठवावंसं वाटलं नाही.
त्यांच्याभोवतीने पाणी दिलं,
जसं जेवणाऱ्याच्या ताटाभोवती
आपण वाकून वाढतो.
ते गेल्यावर तिथे तीन लांबट कोरडे ठसे उरले.
चौथं माणूस आतच होतं अजून,
कुशीत एक नवं घेऊन.

चैत्रात बोअर खाकरायला लागली.
वैशाखात गप्प.
नवतप्याच्या तिसऱ्या दिवशी माझ्याकडे
दोन ड्रम पाणी, एवढंच,
आणि जिल्ह्यावरून साहेब येणार होते.
मॅडम म्हणाल्या, "समोरचं तरी हिरवं दिसू द्या."

मी गडवा हातात धरून थोडी उभी राहिले.
मग तगरीच्या आळ्यात ओतला.
मग मेहंदीला, बुडाबुडाशी, एकेक गडवा.
नव्या झुडपाला पहिला उन्हाळा सोसत नाही.
गवत मरत नाही, निजतं.
हे मला कोणी शिकवायला नको,
तेवीस वर्षं मी त्याला मारून पाहिलंय.

साहेब आले. चपातीच्या रंगाची हिरवळ पाहिली.
"इथे पाणी कोण देतं?"
"मी."
खुरप्याने एका चौकोनाचा कोपरा उचलून दाखवला:
खाली पांढरी मुळी, दोऱ्यासारखी, ओलसर.
त्यांनी गॉगल काढला नाही.
काय दिसलं असेल, देव जाणे.

गाडी गेल्यावर पाहिलं,
दोन चौकोनांच्या फटीत
एक हिरवी रेघ सरळ चालत आली होती.
हराळी.
फटी बुजवायची माती मीच आणली होती,
आमच्याच धुऱ्यावरून.

हात सवयीने गेला.
पेराला नख लागलं सुद्धा.

मग खुरपं कमरेला खोचलं.
गडव्यात तळाशी घोटभर उरलं होतं,
ते जास्वंदीला घातलं.
हराळीला नाही दिलं.
तिला लागत नाही.
तेवढं आमचं एकमेकींना ठाऊक आहे.